नाथूजींनी कबूल केलेला दोष

१

बुधवारी सकाळी पावणेसातला दिनकररावांच्या गाडीने दगा दिला आणि त्याच दिवशी दुपारी बाराच्या आत मी एका माणसाचं नाव बुडवलं. गाडी पुढे सुरू झाली. नावाचं काय झालं, ते सांगायला बसलोय.

दिनकरराव सबनीस बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. बदलीवर जयपूरला आले आणि इथेच मुरले. वय चौऱ्याहत्तर. बनी पार्कात त्यांचं घर आमच्या घरासमोर. रोज सकाळी अर्ध्या ब्लेडने वर्तमानपत्रातली कात्रणं कापायची आणि त्यातली निम्मी नातीबरोबर माझ्याकडे पाठवायची, हा त्यांचा उद्योग. मी जयंत कारखानीस, विमा कंपनीत मोटार सर्व्हेअर होतो. ठोकलेली गाडी बघायची आणि मालक कुठे खोटं बोलतोय ते हुडकायचं, हे मी एकतीस वर्षं केलं. माझी बायको शालन म्हणते, भाजीत मीठ जास्त झालं तरी तुम्ही आधी संशयित ठरवता आणि मग घास घेता.

त्या बुधवारी दिनकरराव नात सावनीला पहिल्यांदाच गाडीने शाळेत सोडणार होते. त्यासाठी ते मुलाशी, सोहमशी, महिनाभर भांडले होते. सोहम म्हणायचा, "बाबा, व्हॅन लावू या ना, मतलब, आता कशाला त्रास." दिनकरराव म्हणायचे, "पन्नास वर्षं चालवतोय. एक ओरखडा दाखव." शेवटी सोमवारी ऑफिसच्या कामासाठी बेंगळुरूला जाताना सोहमने हात टेकले. "ठीक आहे, सोडा तुम्ही," म्हणाला.

गाडीत एकच खोट होती. किल्ली अडकायची. इग्निशन स्विच झिजला होता. तो मंगळवारी नाथूजींनी बदलून दिला. नाथूलाल सैनी यांचं गॅरेज आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्याअधिक गाड्या बावीस वर्षं त्यांच्याच हातातल्या. दुपारभर दिनकरराव तिथे स्टुलावर बसून काम बघत होते. पाच वाजता नाथूजींनी स्वतः गाडी चालवत आणून दिली. दिनकरराव नवी किल्ली घेऊन "जरा हात बसवून येतो" म्हणत लगेच एका फेरीला निघालेही.

आणि बुधवारी सकाळी नुसती घरघर. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. समोर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता. गणवेश घातलेली सावनी मागच्या सीटवर मुकाट बसून होती. अखेर तिची आजी, वीणावहिनी, तिला रिक्षाने घेऊन गेल्या.

दहा मिनिटांत नाथूजी आले. त्यांनी स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. मीही शेजारी वाकून बघत होतो. त्यांनी आत नजर टाकली आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून राहिले. मग मान वळवून दिनकररावांकडे बघितलं. परत कव्हर लावून टाकलं.

"स्विच ख़राब निकला साब," ते म्हणाले. "ग़लती मेरी है।"

२

एकतीस वर्षांत कुठल्या मेकॅनिकने पाच मिनिटांत चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती. म्हणजे चोर आयता सापडला, असं मी धरून चाललो.

"डुप्लिकेट माल लगाया ना?" मी विचारलं.

नाथूजी बोटं पुसत राहिले. "दूसरा लगा दूँगा," एवढंच म्हणाले.

"आता हात लावायचा नाही गाडीला," मी दिनकररावांना मराठीत म्हणालो, पण नाथूजींना कळेल अशा आवाजात. दिनकरराव व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे होते. "जाऊ दे, जयंत," ते म्हणाले. "राहू दे गाडी बंद." मला वाटलं, बिचाऱ्यांचा हिरमोड झालाय. नातीसमोर शोभा झाली माणसाची.

मग मी घरी येऊन मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. ते शब्द मला पाठ आहेत. 'नाथूलाल मिस्त्री यांनी आपल्या एका ज्येष्ठ सदस्याच्या गाडीत बनावट इग्निशन स्विच बसवला व माझ्यासमोर कबूलही केले. सर्वांनी सावध राहावे.' खाली नाव आणि 'निवृत्त मोटार सर्व्हेअर'. ते शेपूट नसतं लावलं तर निम्म्यांनी विश्वास ठेवला नसता.

"नीट विचारलंत का त्यांना?" शालनने विचारलं.

"अगं, त्याने कबूल केलंय!"

"कबूल काय, मीही करते. तुम्ही वाद लांबवलात की."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या पंधरा दिवसांत मंडळातल्या गाड्या दुसरीकडे जायला लागल्या. संध्याकाळी फिरायला जाताना मला ते गॅरेज दिसायचं. पूर्वी बाहेर रस्त्यापर्यंत गाड्या असायच्या, आता नाथूजी एकटेच बाकावर बसलेले. मला पाहून ते उठून नमस्कार करायचे. मला ती लाचारी वाटायची. खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं.

सोहम परत आल्यावर त्याने गाडी विकायचं काढलं. पण बंद गाडी घेणार कोण? म्हणून ती ओढून राजा पार्कला परविंदर नावाच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. दिनकरराव आले नाहीत. मी गेलो, न बोलावता. त्या बनावट स्विचवर त्रयस्थ माणसाचा शिक्का हवा होता मला.

परविंदरने कव्हर उघडलं, मीटर लावलं, स्विच काढून उलटसुलट बघितला आणि माझ्या हातात ठेवला.

"स्विच तो असली है जी। कंपनी का है, एकदम बढ़िया। इसमें ख़राबी कोई नहीं।"

३

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते मला तोवर माहीत नव्हतं.

"मग गाडी का चालत नाही?" सोहमने विचारलं.

परविंदरने समजावून सांगितलं. या गाड्यांच्या जुन्या किल्लीच्या मुठीत एक चिप असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. किल्लीच्या भोकाभोवती एक कडं असतं, ते ती चिप ओळखतं. चिप ओळखली तरच इंजिनाला पेट्रोल मिळतं. नुसता स्विच बदलला की नव्या किल्लीत ती चिप नसते. कंपनीत गाडी नेऊन नवी किल्ली गाडीला ओळखायला शिकवावी लागते. "लेकिन कंपनीवाले आठ दिन गाड़ी रखेंगे। तो हम मिस्त्री लोग क्या करते हैं, पुरानी चाबी तोड़ के चिप निकालते हैं और यहीं छल्ले के पास टेप से चिपका देते हैं। फिर सादी चाबी से भी चलेगी।"

"आणि इथे?"

"यहाँ भी चिपकाई थी। ये देखो।"

कड्याला काळ्या टेपचे दोन तुकडे अजून चिकटलेले होते. मधला भाग गायब. टेपच्या चिकटीत लाल सुताचा एक धागा अडकला होता.

"नाथूजी का काम है," परविंदर हसला. "वो हर काम पर मौली बाँधते हैं। इंजन खोलो तो अंदर भी मौली मिलेगी।" मौली म्हणजे इकडे पूजेत मनगटाला बांधतात तो लालपिवळा दोरा. "टेप पे मौली थी। किसी ने दोनों काट के चिप निकाल ली।"

मी चष्मा वर करून टेपची टोकं पाहिली. सरळ रेघेत कापलेली. मेकॅनिक टेप हाताने तोडतो, फार तर दाताने. ही टोकं ब्लेडची होती.

जमिनीने मला पोटात घ्यावं असं झालं होतं, पण सर्व्हेअर मेला नव्हता. मंगळवारी पाचला गाडी चालत आली. दिनकररावांची फेरी झाली, तीही चालत. म्हणजे चिप रात्रीपासून सकाळपर्यंतच्या वेळात, दारात उभ्या गाडीतून काढली गेली. ती गेलीय हे कव्हर उघडताक्षणी नाथूजींना दिसलं असणार. मग हा माणूस 'चिप कोणीतरी नेली' असं एक वाक्य का बोलला नाही? नसलेला दोष त्याने आपल्या माथी का मारून घेतला?

४

परतताना मी एकेकाला चाळणीतून काढलं.

नाथूजींनी स्वतःच चिप काढली म्हणावी, तर सकाळी गुपचूप परत बसवून ते शाबासकी घेऊन गेले असते. सोहमला गाडी नकोच होती, त्याला कारण होतं, पण तो बेंगळुरूला होता. सून त्याच्याबरोबर आमच्यासमोरच विमानतळावर गेली होती, माहेरी नागपूरला. राहिल्या वीणावहिनी. नवऱ्याच्या गाडीत बसताना त्या दारावरची मूठ घट्ट धरून बसायच्या, हे मी कितीदा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव पेन्शनच्या कामाला बँकेत गेलेले पाहून मी समोर गेलो. वहिनींनी चहा टाकला. मी मागच्या अंगणात डोकावलो. तुळशीच्या खोडाला लालपिवळा दोरा गुंडाळलेला होता. दोऱ्याचं एक टोक सरळ कापलेलं.

"हा दोरा कुठला, वहिनी?"

"देवाचा असेल. केरात कसा टाकायचा? म्हणून बांधला."

"देवाचा असेल म्हणजे? कुठून आला ते माहीत नाही?"

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि पदराने हात पुसले, बराच वेळ. हा हात पुसण्याचा वेळ मला चांगला ठाऊक आहे. दाव्याच्या कागदावर सही करण्याआधी लोक असेच रुमाल शोधतात.

"वहिनी, त्या गाडीतली चिप कोणीतरी काढली. नाथूजींचा दोष नव्हता."

"मी काढली," त्या लगेच म्हणाल्या. "मीच, भावजी. यांची नजर आता पूर्वीसारखी नाही. सावनीला काही झालं असतं तर? मला भीती वाटली. मी काढली आणि टाकून दिली. झालं तुमचं समाधान?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणीही भला माणूस तिथे थांबला असता. मी थांबलो नाही.

"कुठून काढलीत?"

"कुठून म्हणजे? किल्लीतून."

मी कप खाली ठेवला. नव्या किल्लीत चिप नव्हतीच. ती कुठे चिकटवलीय हे वीणावहिनींना माहीत नव्हतं. त्या खोटं बोलत होत्या.

"हा दोरा तुम्हाला मिळाला कुठे?" मी विचारलं. "धुवायच्या कपड्यात? शर्टाच्या खिशात?"

"भावजी," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या पाया पडते. मी काढली म्हणाले ना? तिथेच सोडा."

५

मी सोडलं नाही. एकतीस वर्षांची खोड.

चिप कुठे आहे हे नाथूजींखेरीज फक्त त्यालाच माहीत असणार, जो मंगळवारी दुपारभर त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून काम बघत होता. आणि आमच्या गल्लीत सगळ्या गोष्टी ब्लेडने कापणारा माणूस एकच आहे.

दिनकरराव बँकेतून आले. मी व्हरांड्यातच होतो. पुरावा मांडायला सुरुवात केली, टेपची टोकं, दोरा, वेळ. त्यांनी हात वर केला. आत गेले आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली घेऊन आले. बाटलीत ती चिप होती.

"टाकवली नाही," ते म्हणाले. "नाथूजींचा माल होता."

मग त्यांनी सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी ते गोपालपुरा बायपासला गेले होते. तिथले कोचिंग क्लास सुटण्याची वेळ. पोरांची झुंबड रस्ता ओलांडत होती. त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी पुढे उडाली. पाय ॲक्सिलरेटरवर होता. एक मुलगी धक्क्याने पडली. सतरा-अठरा वर्षांची असेल. गुडघे झटकत उठली, वह्या गोळा केल्या, आणि यांचा चेहरा बघून तीच म्हणाली, "कोई बात नहीं अंकल, मुझे लगी नहीं। आप पानी पी लो।"

"मला तिने पाणी दिलं, जयंत. मी तिला पाडलं आणि तिने मला पाणी दिलं." त्यांनी बाटली कठड्यावर ठेवली. "घरी येईपर्यंत पाय कोणता कुठे आहे ते मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी सावनी बसणार होती मागे. आणि सोहमला मी महिनाभर सांगत होतो, एक ओरखडा दाखव म्हणून. कुठल्या तोंडाने सांगू, की बाबा रे, तुझं बरोबर होतं? नाथूजींनी दुपारीच दाखवलं होतं, ये निकली तो गाड़ी नहीं चलेगी. मी ती काढली. वाटलं, गाडी बिघडली, संपलं. कोणावर येईल हा विचारच केला नाही. मग नाथूजी आपल्यावर घेऊन मोकळे झाले, आणि तू ते लिहिलंस."

"तुम्ही मला तेव्हाच का नाही थांबवलंत?"

"जाऊ दे म्हटलं होतं ना."

म्हटलं होतं खरं.

वीणावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी गुन्हा स्वतःवर घेतला होता हे दिनकररावांना माझ्याच तोंडून कळलं. ते बायकोकडे बघत राहिले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी तिच्यासमोर मान खाली घातली नसेल. ती त्या दिवशी घातली, आणि मी तिथे तिसरा माणूस म्हणून उभा होतो. तेवढं न पाहता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, ग्रुपवर मी लिहितो. ते म्हणाले, नको, माझं मी लिहितो. अर्धा तास लागला त्यांना चार ओळींना. 'गाडी मी स्वतः बंद पाडली होती. मला आता गाडी चालवणे जमत नाही व ते सांगायची लाज वाटली. नाथूलालजी निर्दोष आहेत. त्यांची क्षमा मागतो.' सोहमने ते ऑफिसात वाचलं. संध्याकाळी येऊन तो बापाशेजारी बसला आणि टीव्हीवर जे चाललं होतं ते दोघं बघत राहिले.

६

एवढ्याने प्रकरण मिटलं असं मला वाटलं. फक्त माझी क्षमा राहिली होती.

सकाळी गॅरेजवर गेलो. नाथूजी एका जुन्या व्हॅनचं चाक बसवत होते. मला बघून उठले, बाकावरचं फडकं काढून जागा केली, चहा मागवला.

"दिनकर साब का फ़ोन आया था," ते म्हणाले. "रो रहे थे। मैंने कहा साब, क्यों लिख दिया? बात दब गई थी।"

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"कवर खोलते ही। ब्लेड का काट था। फिर पीछे मुड़ के साब का मुँह देखा।" त्यांनी पान्याने नट घट्ट केला. "पिछले साल से देख रहा था। क्लच घिसा हुआ, ब्रेक घिसे हुए, बम्पर पर निशान। रगड़ के मैं ही मिटा देता था, साब को बताता नहीं था। गाड़ी बता देती है कि चलाने वाला डरने लगा है। घर वालों के सामने मैं क्या बोलता? बोल दिया स्विच ख़राब है।"

पन्नास वर्षांत एक ओरखडा नाही, तो असा.

"आणि मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा?"

"बुरा तो लगा।" ते थोडं हसले. "घर में बेटी बोली, बाईस साल का यही मिला? मैंने कहा, पागल, कारखानीस साब सर्वेयर हैं। मेरे साथ ही झुके थे, काट उन्होंने भी देखा होगा। उन्होंने दोस्त की इज़्ज़त रखी है। किसी का तो नाम लेना था, मेरा ले लिया। अपना समझ के लिया। मैं भी उनकी जगह होता तो यही करता।"

म्हणून ते रोज संध्याकाळी मला उठून नमस्कार करत होते. आम्ही दोघं मिळून एका म्हाताऱ्याची लाज राखतोय, असं त्यांना वाटत होतं.

चहा आला. मी तो घेऊन गप्प बसू शकलो असतो. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं, त्यांची समजूत तशीच राहिली असती. पण मला खरं बोलून मोकळं व्हायचं होतं. ते त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी, याचा विचार मी केला नाही.

"नाही, नाथूजी," मी म्हणालो. "मुझे कुछ समझ में नहीं आया था। काट माझ्या डोळ्यांसमोर होता, मी बघितलाच नाही. मैंने सच में आपको चोर समझा था। मला माफ करा."

पाना थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले. एवढं कोरं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं, आरोप केला त्या दिवशीसुद्धा नाही.

"तो फिर ये आपको बताना नहीं था, साब," ते म्हणाले.

मग त्यांनी गोणपाट पसरलं आणि ते व्हॅनखाली गेले. मी चहा संपेपर्यंत थांबलो. ते बाहेर आले नाहीत.